आठव्या किलोमीटरचं कोडं सुटलं

सापडलं! सलग तीन राईडना आठव्या-नवव्या किलोमीटरला माझी घोडी बिजली कान मागे टाकून अडायची, त्याचं कारण रविवारी हाती लागलं. माझ्या बोटातच टोचलं ते.

मागच्या नोंदीपर्यंत पाठ दाबून झाली होती, दात बघून झाले होते. नाल महिन्याभरापूर्वीचेच, पक्के. सर्जा या दुसऱ्या घोड्याचं जीन चढवून पाहिलं, तरी तेच. तंग (जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा) फार पुढे येतो असं तुमच्यापैकी दोघांनी सुचवलं, म्हणून कोपरामागे चार बोटं जागा सोडून बांधला. त्यानं सुरुवातीची चाल खरंच मोकळी झाली. मला वाटलं, जमलं. पण आठवा किलोमीटर आला की पुन्हा मान झटकणं सुरू.

रविवारी आम्ही पाच जण आर्वीकडच्या पांदणीनं (शेतांमधल्या वाटेनं) साडेसहालाच निघालो. एका बाजूला फुटलेल्या कापसाची पऱ्हाटी, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या गवताचा माळ. ठरल्या जागी बिजली थांबली. मी उतरून तंग सैल केला. तिथं मेंढ्या चारणारे एक बाबा बसले होते. ते उठून आले, जीन उतरवायला लावलं आणि नमद्याच्या, म्हणजे जिनाखालच्या जाड गादीच्या, पोटात बोटं घालून चाचपलं.

"घोडीले काई नाई झालं, भाऊ. कुसळ शिरलं हाय यात. मेंढीच्या लोकरीत असंच आत आत जाते."

कुसळी गवताच्या बीचं टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेचे ताठ केस आणि मागे लांब पीळदार शेपूट. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं बी गिरमिटासारखी आत घुसते, आणि उलट्या केसांमुळे मागे येत नाही. घाम मुरून नमदा खालपर्यंत भिजायला सात-आठ किलोमीटर लागत असणार, म्हणून सुरुवातीला घोडी खुशाल चालायची. आणि दर राईडला त्रास वाढत का गेला, तेही कळलं: प्रत्येक वेळी भिजणं, वाळणं, आणखी आत जाणं. मी दर वेळी नमदा ब्रशनं झाडत होतो, पण वरवर काही दिसायचंच नाही. घरी चिमटा घेऊन तीन तास बसलो. बावीस निघाली! नमद्यात ती आली कुठून? राईड झाली की मी तो धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतावर वाळत टाकायचो. आता दोरीवरच.

बिजलीच्या कातडीत तीन ठिकाणी बारीक गाठी आहेत. डॉक्टरांनी साफ करून दिल्या. त्या पूर्ण बसेपर्यंत जीन नाही, फक्त हातानं फिरवणं.

बाकी राईड सुंदर झाली. लाथ मारणाऱ्या सर्जाच्या शेपटीला लाल फडकं बांधून त्याला शेवटी ठेवलं, आणि पूर्ण वाटेत कुणीही पुढच्या घोड्याला चिकटलं नाही. नव्या मुलीनं घोड्यावरून न उतरता नाला पार केला. पाणवठ्यावर जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली: सर्जा पोचला तेव्हा मिनिटाला ७२, सावलीत दहा मिनिटांनी ४८. ६० च्या वर रेंगाळली असती तर तिथूनच परतलो असतो. फोन मात्र दोघांनी खोगीरपिशवीत ठेवले होते. घोडं सुटलं तर फोनही जाईल, तो अंगावरच हवा.

सामानाबद्दल: ऑनलाइन मागवलेला नायलॉनचा तंग काढून टाकला, घामात कडक होतो आणि घासतो. कानपूरच्या कातड्याचा महाग पडला, पण तेल पाजलं की मऊ राहतो.

पुढच्या रविवारी याच माळावरून २४ किलोमीटरचा बेत होता. तो रद्द. गवत कापून होईपर्यंत कालव्याकडची पांदण घेऊ. तिकडे रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी वावरांना विजेच्या झटक्याच्या तारा आहेत, काही पांदणीवरही झुकल्यात. म्हणून शनिवारी कुणीतरी ती वाट पायी बघून यायची आणि शेतकऱ्यांशी बोलून घ्यायचं. मी जातो.

लिहिता लिहिता सुचलं: नमद्याला मांजरपाटाची खोळ शिवली तर? वीण घट्ट, धुवायला सोपी, आणि पांढऱ्यावर कुसळ लगेच दिसेल. पण घाम शोषून ती सुरकुतली तर नवीन जखम होईल. चारही कडांना नाड्या लावून ताणून बांधली तर कदाचित नाही. शनिवारपर्यंत एक शिवून घेतो, सर्जावर पहिले पाच किलोमीटर फक्त कदमचालीनं बघतो. कुणी आधी करून पाहिलंय का?