व्हॅनिलाच्या शेंगा आणि ठाण्याचा पावसाळा

व्हॅनिलाच्या शेंगांचा भाव पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी “किलोचा ना?” असं दोनदा विचारलं. घरून केक-आइस्क्रीमच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे एसेन्सची बाटली ओट्यावर कायमचीच. पण एका गिऱ्हाइकाला बारशासाठी शेंगेचंच आइस्क्रीम हवं होतं आणि पैशांची घासाघीस नव्हती. मग लागले शोधाला.

ऑनलाइन फोटोंवरून काही कळत नाही. सगळ्याच शेंगा काळ्या नि चकचकीत. ओळखीतून कर्नाटकातल्या शिरसीकडच्या एका सुपारीबागायतदाराचा नंबर मिळाला. सुपारीच्या झाडांवर वेल चढवलेले. २००३च्या सुमारास भाव आकाशाला भिडले तेव्हा त्या पट्ट्यात अनेकांनी लागवड केली, पुढे भाव कोसळले तसे बऱ्याच जणांनी वेल उपटून टाकले. ह्यांनी थोडे राखले. फोनवर ते बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि मलाही ऐकायला आवडतं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मान टाकतं, तेवढ्या वेळात काडीने एकेका फुलाचं परागीकरण हाताने करायचं. ही युक्ती १८४१मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आजही जगभर तशीच चालते. फूल धरल्यावर शेंग पिकायला आठ-नऊ महिने. आणि एवढं करून हिरव्या शेंगेला वास नाहीच! गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, मग रोज थोडं ऊन, नंतर सावलीत वाळवण आणि शेवटी पेटीत मुरवण. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम एक किलो होते. हे ऐकल्यावर मी भाव पाडायचा विचार सोडून दिला.

शेंग निवडताना बघायची ती ओल. लांबीवर भाव ठरतो, वास नाही. चांगली शेंग बोटाभोवती गुंडाळली तर मोडत नाही, सोडली की हळूच सुटते, आणि बोटांना किंचित तेलकटपणा लागतो. हिच्यात साधारण तीस टक्के पाणी असतं. ह्याहून ओली, चिकट, पाकिटाच्या आतून बाष्प धरलेली शेंग दिसली तर घेऊ नये. पाण्याचे पैसे जातातच, वर बुरशीची हमी. उलट लालसर, कोरडी, चरे पडलेली शेंग स्वस्त मिळते आणि ती टाकाऊ अजिबात नसते. अर्क काढायला मी तीच मागवते. टोकाला फुटलेल्या शेंगांनाही बाजारात दुय्यम मानतात. पण शेंग वेलावर पूर्ण पिकली की टोकाशी फुटतेच, त्यामुळे मला त्या चालतात. वासात मनुका, थोडी तंबाखू, थोडं लाकूड असं काहीतरी यावं. कुबट किंवा धुरकट वास आला की पाकीट परत.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. ठाण्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ह्या ओलसर शेंगांचं काय! सासूबाई म्हणाल्या, “तांदळात पुरून ठेव.” इतर कुठल्याही जिनसाला बरोबर, इथे नाही. तांदूळ ओल ओढतो आणि शेंगेची काडी होते. सिलिका जेलच्या पुड्याही त्याच कारणासाठी नकोत. फ्रिज त्याहून वाईट. आतली थंड हवा शेंग सुकवते आणि बाहेर काढल्याबरोबर अंगावर दव धरतं. शेवटी बटर पेपरात सैल गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवल्या आणि बरणी गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात. मसाल्याच्या कप्प्यात मात्र नाही, हिंगाच्या शेजारी तर मुळीच नाही. दर पंधरवड्याला, पाऊस उघडलेली दुपार बघून, झाकण काढायचं, एकेक शेंग बघायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि लगेच बंद करायचं.

अशाच एका दुपारी दोन शेंगांवर पांढरं दिसलं. पोटात गोळा आला. मोबाइलचा टॉर्च लावून तिरप्या उजेडात धरलं. एकीवर बारीक सुया होत्या, प्रकाश फिरवला की चमचमणाऱ्या. बोटाने चोळल्यावर विरघळल्या आणि वास दुप्पट झाला. हे व्हॅनिलिनचे, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या मुख्य द्रव्याचे स्फटिक, शेंग उत्तम असल्याची खूण. दुसरीच्या देठाशी मात्र मळकट पांढरा, केसाळ ठिपका होता. चमक नाही, वास ओल्या पुठ्ठ्याचा. ती थेट कचऱ्यात. तेवढा भाग कापून उरलेली वापरावी असा मोह होतो, किंमतच तशी आहे, पण बुरशी वर दिसते त्याआधी आत शिरलेली असते. बाकीच्या सगळ्या पुसून दुसऱ्या, उकळून वाळवलेल्या बरणीत हलवल्या.

कोरड्या शेंगांचा अर्क मात्र बिनघोर. अमेरिकेतल्या अर्काच्या नियमाचं प्रमाण लिटरमागे साधारण १०० ग्रॅम शेंगा आणि किमान ३५ टक्के अल्कोहोल असं आहे. आपल्याकडच्या व्होडकावर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे चालून जातं. वाइन शॉपवाल्याने विचारलं, “ताई, गिफ्ट पॅक करू?” म्हटलं, केकला हवीय. २५ ग्रॅम शेंगा उभ्या चिरून पाव लिटरमध्ये बुडवल्या. शेंगेचं टोक वर राहिलं नाही पाहिजे. दोन-तीन महिन्यांनी वापरता येतो, पण सहा महिन्यांनंतर त्याला खरी गोलाई येते.

आता वापर. शेंग पाटावर सुरीच्या पाठीने सपाट करायची, टोकाने उभी चिरायची आणि पुन्हा पाठीनेच खरवडायची. धारेने खरवडलं तर सालीचे तुकडे येतात. सुरीवर बारीक बियांचा काळा, चिकट गर जमतो. वास त्या बियांपेक्षा भोवतीच्या तेलकट चिकात आणि सालीतच जास्त असतो, म्हणून रिकामी साल फेकायची नाही. गर चमचाभर साखरेत बोटांनी चोळून घेते, नाहीतर दुधात त्याच्या गुठळ्या होतात. साल म्हशीच्या दुधात टाकून वाफा येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि झाकून अर्धा तास ठेवायचं. व्हॅनिलिन पाण्यात फारसं उतरत नाही, स्निग्धांशात उतरतं, तेव्हा टोन्ड दूध वापरून कंजूषी करण्यात अर्थ नाही. वापरलेली साल धुऊन, पूर्ण वाळवून साखरेच्या डब्यात. तीच पुढे मिक्सरवर साखरेसकट दळून चाळते.

बारशाचं आइस्क्रीम गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन: “त्यात काळे ठिपके कसले? खसखस?” समजावून सांगितलं. बाजारात अर्क काढून झालेल्या शेंगांचे निःसत्त्व कण नुसते दिसायला घातलेली आइस्क्रीमंही मिळतात, हे काही मी सांगितलं नाही.

घरात बासुंदीत शेंग घालून पाहिली. जायफळाशी जमलं नाही, दोघंही पुढे यायला बघतात. खरवसात मात्र वेलचीऐवजी घातली तर सासूबाईंनीही दुसरी वडी घेतली. कस्टर्ड, आइस्क्रीम, खरवस, फेटलेली साय, म्हणजे जिथे दूध जास्त आणि आच कमी, तिथे शेंगेचे पैसे वसूल होतात. चॉकलेट केकला आणि ओव्हनमध्ये कडक भाजायच्या बिस्किटांना मी अजून एसेन्सच वापरते, आणि कोणी विचारलं तर तसं सांगते.