गुजरीतला शिक्का, खणातली वायर

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पाच ग्रॅमची अंगठी घेतली तरी आतल्या बाजूला 22के916 कोरलेलं असतं, शेजारी सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. डबी हरवली तरी सोनं किती कसाचं ते अंगठीच सांगते. राजारामपुरीत 'सी टाइप केबल द्या' म्हटलं, की उलटा प्रश्न येतो, 'साधी का फास्ट?' फास्ट म्हणजे किती, ते छापलेलं असतं खोक्यावर. आणि खोकं दुसऱ्या दिवशी घंटागाडीत.

खणात उरतात एकाच तोंडवळ्याच्या पाच वायरी. एकीत नुसती तांबडी आणि काळी तार. वीज जाते, फोटो जात नाहीत. दुसरीत पांढरी-हिरवी जोडीही आहे, पण वेग सेकंदाला 480 मेगाबिट. तिसरी 40 गिगाबिटची, आणि नेमकी तीच रात्रभर फोन चार्ज करत पडलेली!

जाडीचीही तीच गत. साध्या वायरीच्या अंगावर कधी बारीक अक्षरांत '28 एडब्ल्यूजी' असतं, म्हणजे तारेच्या जाडीचं माप, गेज. इथं आकडा वाढला की तार बारीक. 28 गेजच्या मीटरभर वायरीत जाऊन-येऊन 0.43 ओहम रोध होतो. 2 अँपिअरला 0.85 व्होल्ट वाटेतच गळतात. 5 व्होल्टचे 4.15 पोचले की फोन करंट कमी करतो. शिव्या खातो चार्जर. 24 गेजमध्ये हीच गळती 0.34 व्होल्ट.

यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2021-22 मध्ये 60 वॉट, 240 वॉट, 40 गिगाबिट असे सरळ आकड्यांचे शिक्के आणले, पण ते प्रमाणित केबललाच. आकडा नसेल तर वायर 3 अँपिअरचीच धरावी. 5 अँपिअरच्या सी-टू-सी वायरीत ओळख सांगणारी चिप लागते. ती दिसली नाही की चार्जर 20 व्होल्ट गुणिले 3, म्हणजे 60 वॉटवर थांबतो. काही जळत नाही, लॅपटॉप रेंगाळतो एवढंच.

तेव्हा शिक्का घरीच मारावा. 100 वॉट किंवा वरच्या वायरीला तांबडी हीटश्रिंक (गरम केली की आकसणारी) नळी, लॅपटॉपला जोडल्यावर फोन 'फाइल ट्रान्सफर' विचारतो तिला पांढरी. तांबडा-पांढरा कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नळी 12 मिमीची, 3:1 प्रमाणाचीच, म्हणजे आकसून एक तृतीयांश होणारी मागावी. 2:1 ची पिनेवरून जाते खरी, पण आकसून 6 मिमीला थांबते आणि 4 मिमीच्या वायरीवर बांगडीसारखी फिरत राहते. तुकडा तीन सेंटिमीटरचा, आणि दोन्ही टोकांना; एक टोक कायम टेबलामागेच असतं.