लिऑन की स्ट्रासबर्ग?

पॅरिसवरून आमच्या घरात वाद नव्हता. चार दिवस पॅरिस, आयफेल टॉवर, मोनालिसासमोरची गर्दी, हे सगळं लेकीने फेब्रुवारीतच ठरवून टाकलं होतं. वाद होता पुढच्या तीन रात्रींचा. व्हिसाच्या फाईलला हॉटेलची बुकिंग लावावी लागतात, म्हणजे आधी शहर ठरवा, मग हॉटेल, मग फाईल, आणि शाळेची मे महिन्याची सुट्टी काही आपल्यासाठी थांबत नाही. मी म्हणत होतो लिऑन, बायको म्हणत होती स्ट्रासबर्ग. (फ्रेंच लोक लिऑनला ल्यों म्हणतात आणि शेवटचं नाकात जिरवतात, आमच्याकडे पहिला आठवडाभर सगळे त्याला लायन म्हणत होते, तेव्हा लिऑन ही प्रगतीच समजा.)

अंतराने निकाल लागेल म्हणावं तर दोन्हीकडे टीजीव्ही, म्हणजे तिकडची वेगवान रेल्वे, जाते आणि दोन्हीकडे दोन तासांच्या आसपासच लागतात. मग व्हिडिओ बघायला बसलो. स्ट्रासबर्गच्या प्रत्येक व्हिडिओत ख्रिसमसचा बाजार, १५७० पासून भरतोय म्हणे, दिवे, बर्फ, वाफाळती वाईन. लिऑनच्या प्रत्येक व्हिडिओत ८ डिसेंबरच्या आसपासचा दिव्यांचा उत्सव, खिडक्याखिडक्यांत पणत्या लावल्यासारखे दिवे, चर्चच्या भिंतींवर रंगीत रोषणाई. दोन्ही शहरं डिसेंबरात नटलेली, आणि आम्ही जाणार मे महिन्यात. लग्नाचा अल्बम बघून पसंती कळवायची आणि प्रत्यक्षात माणूस भेटणार मंगळवारी सकाळी दात घासताना, तसलाच प्रकार. लेक म्हणाली, मग डिसेंबरात जाऊ या ना. तिच्या सहामाहीचं काय, त्यावर ती आतल्या खोलीत गेली.

बायकोची बाजू तशी भक्कम होती. स्ट्रासबर्गचं जुनं गाव म्हणजे नदीच्या फाट्यांमधलं एक बेटच, पायी हिंडून होतं. लाकडी पट्ट्यांची उतरत्या छपरांची घरं, तो भाग म्हणजे पेटिट फ्रान्स, छोटा फ्रान्स. हे गोंडस नाव तिथे पूर्वी गुप्तरोग्यांचं इस्पितळ होतं त्यावरून पडलंय, कारण त्या रोगाला तिकडे फ्रेंच रोग म्हणायचे, पण ही माहिती मी लेकीसमोर दिली नाही. मग ते कॅथेड्रल, १४२ मीटर उंच, १६४७ ते १८७४ एवढी वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत, आणि तरी अर्धवटच, कारण दुसरा मनोरा कधी बांधलाच नाही. आत एक अगडबंब खगोलीय घड्याळ आहे, रोज दुपारी साडेबाराला त्यातून येशूचे बारा शिष्य एकामागून एक निघतात आणि वरचा कोंबडा आरवतो. शिवाय ट्रामने ऱ्हाईन ओलांडली की पलीकडे जर्मनीतलं केल गाव. ट्रामच्या तिकिटात दुसरा देश! लेकीचं मत इथे फिरलं, तिला शाळेत जाऊन दोनाऐवजी तीन देश सांगता येणार होते (अबूधाबीचा विमानतळ ती धरते).

पण बायको स्ट्रासबर्गवर अडून बसली ती घड्याळासाठी नाही, हे मला हळूहळू कळलं. एका रात्री ती मला वाचून दाखवत होती, हे गाव १८७१ ला जर्मनीत गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आलं, १९४० ला पुन्हा जर्मनीत, १९४४ ला पुन्हा फ्रान्समध्ये. म्हणजे एखादी म्हातारी जन्मभर एकाच घरात राहिली, एकाच दुकानातून पाव आणला, आणि चार वेळा तिचा देश बदलला. गल्ल्यांच्या नावांच्या पाट्या अजून दोन भाषांत, वर फ्रेंच आणि खाली तिथली अल्सेशियन. आणि गंमत म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत याच काठावरच्या गावात १७९२ ला लिहिलं गेलं आणि नाव मात्र लागलं मार्सेय शहराचं, कारण तिकडचे स्वयंसेवक ते गात पॅरिसला आले. हे सगळं ती ज्या आवाजात वाचत होती तो आवाज मला ओळखीचा होता. बायकोचं माहेर बेळगाव. टिळकवाडीत पाट्यांच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झालीय, कुठली पाटी कुणी पुसली, कुणी रंगवली, घरात मराठी, बसवर कन्नड, आणि आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की निकाल लागेल. फ्रान्समध्ये हजार गावं असतील, तिने बरोबर बेळगाव शोधून काढलं होतं.

तिला हसायची माझी काही पात्रता नव्हती म्हणा. मी सोलापूरचा. आप्पांचे चार माग होते, घरामागच्या शेडमध्ये, चादरींचे, आणि प्रत्येक मागाच्या डोक्यावर जकार्ड. जकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, ती वर फिरत राहते, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही, आणि खाली आपोआप मोर उमटतो. लहानपणी मला वाटायचं जकार्ड हे तेलुगू नाव असणार, कारण आमच्या पूर्व भागातल्या निम्म्या गल्लीची नावं तेलुगूच. कॉलेजात गेल्यावर कळलं की जोसेफ मारी जकार्ड हा लिऑनचा, त्याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र काढलं, आणि कॉम्प्युटरची पंचकार्डं त्या पुठ्ठ्यांवरूनच सुचलेली. बाप पुठ्ठ्यांवर, पोरगा पुण्यात कोडिंगवर, म्हणजे धंदा काही बदलला नाही असं मी आप्पांना तेव्हा सांगितलं होतं, त्यांनी फक्त विचारलं होतं की पगार किती.

तर लिऑनला क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे, विणकरांची. समोर फुर्विएरची टेकडी, तिच्यावर मोठं चर्च. एक प्रार्थना करणारी टेकडी आणि एक काम करणारी टेकडी, असंच म्हणतात त्यांना. क्रुआ-रूसवरच्या घरांची छतं चार-चार मीटर उंच, श्रीमंती म्हणून नाही, तर जकार्डचा माग उभा राहायला तेवढी उंची लागायची म्हणून, आणि त्याच खोलीत माळा काढून सगळं कुटुंब झोपायचं. जुन्या गावात आणि त्या टेकडीवर त्राबूल आहेत, म्हणजे एका गल्लीतून दारात शिरायचं आणि वाड्यांच्या पोटातून, चौकातून, जिन्यांखालून जात दुसऱ्याच गल्लीत निघायचं, रेशमाचे तागे पावसात न भिजवता तिथून नेता यायचे. लोक अजून राहतात तिथे, त्यामुळे हळू बोला अशी सूचना असते. आणि १८३१ च्या नोव्हेंबरात या विणकरांनी मजुरीचा किमान दर मागितला, व्यापारी तो पाळेनात, तेव्हा उठाव करून त्यांनी काही दिवस सगळं शहर ताब्यात घेतलं. मग सैन्य आलं. हे वाचताना सोलापूरकराला १९३० चा मे आठवणारच, गिरणगावचे लोक रस्त्यावर, पोलीस गायब, सरकारशिवाय चाललेलं शहर, मग मार्शल लॉ, आणि पुढच्या जानेवारीत येरवड्याला चार फाशी. चार पुतळ्यांच्या चौकातून शाळेत गेलोय मी.

हे सगळं मी बायकोला असं सांगितलं नाही. मी म्हणालो, लिऑनला ल्युमिएर बंधूंचा कारखाना आहे, १८९५ ला त्याच्या दारातून सुटणाऱ्या कामगारांवरच त्यांनी सिनेमा काढला आणि पुढच्या जुलैत तो खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचला पण. ती म्हणाली, तू शेवटचा सिनेमा थेटरात कधी बघितलास?

मग जेवण. ती शाकाहारी आणि लिऑन म्हणजे खाणाऱ्यांचं शहर, पण खाणं बहुतेक आतड्यांचं, मेनूत एक पदार्थ चक्क सेर्वेल द कानू, म्हणजे विणकराचा मेंदू. मी हबकलोच, हे तिला कळलं तर संपलंच. नीट वाचलं तर तो निघाला चक्क्यासारखा ताजा चीज, त्यात लसूण, बारीक कांदा आणि कसलीशी हिरवी पानं फेटलेली. स्ट्रासबर्गचा पिझ्झासारखा पातळ फ्लामकूश आणि आंबवलेला कोबी यांच्यावरही डुकराचं काही ना काही असतंच, सांगून काढायला लागतं. विणकराच्या मेंदूने मला पहिला गुण मिळवून दिला.

निकाल मात्र भलत्याच गोष्टीने लागला. तारखा टाकल्या तर स्ट्रासबर्गची हॉटेलं आमच्या नेमक्या तीन रात्रींना जवळपास दुप्पट. कारण शोधलं तर युरोपियन संसदेचं अधिवेशन. कामकाज बरंचसं ब्रसेल्सला, पण महिन्यातून चार दिवस ही वरात कागदपत्रांच्या पेट्यांसकट स्ट्रासबर्गला येते, अख्खं गाव भरून जातं. मी वाचून दाखवलं आणि बायको एवढी हसली की लेक बाहेर आली. "अगदी आमचं बेळगावच की रे! बंगळूरहून सगळे आमदार येतात, दहा दिवस सुवर्णसौधमध्ये अधिवेशनाला बसतात, गावात रूम मिळत नाही, आणि गेले की वर्षभर तिथे पाखरू नाही." हसता हसता तिनेच लिऑनच्या हॉटेलवर क्लिक केलं. क्रुआ-रूसच्याच उतारावर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, छत उंच.

पैसे भरून झाल्यावर मग म्हणाली, "पुण्याहून सोलापूर चार तास. दिवाळीनंतर गेलायस का तू?"

त्याच रविवारी आप्पांना फोन केला. शेड आता गोडाऊनला भाड्याने दिलीय, माग भंगारात जाऊन दहा वर्षं झाली. म्हटलं आप्पा, जकार्डच्या गावाला चाललोय. ते म्हणाले, तिथं माग चालू हैत का अजून? म्हटलं, म्युझियममध्ये चालवून दाखवतात, तिकीट काढून लोक बघायला जातात.

"तिकीट काढून?" थोडा वेळ नुसतं हसणं. "आन् आपल्या गल्लीवाले पंचवीस वर्षं भांडले, रात्री तरी बंद ठेवा म्हणून."