टाकीत पेट्रोल असताना ढकललेली गाडी

रिझर्व्हवर मोटारसायकल किती जाते, हे लोक मला बहुधा गाडी माझ्या गॅरेजपर्यंत ढकलत आणल्यावर विचारतात. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांनी तेही विचारलं नाही. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक त्यांनी माझ्यासमोर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टाकी ११ लिटर, त्यात रिझर्व्ह २ लिटर.

"माझी गाडी ४५ देते. दोन लिटरमध्ये ९० किलोमीटर जायला पाहिजे. काल रात्री रिझर्व्हला लावली आणि वीस-एकवीसमध्ये बंद. बाकीचं पेट्रोल कुठे गेलं?"

ते दवाखान्यांना औषधं पोचवायचं काम करतात. रात्री मागे औषधांची पेटी, रस्ता सुनसान, पंप ७ किलोमीटरवर. तेवढं अंतर त्यांनी गाडी ढकलली होती आणि तो राग अजून उतरला नव्हता. संशय होता आधीच्या गॅरेजवर. तिथे नुकतंच सर्व्हिसिंग झालं होतं. टाकीतून पेट्रोल काढून घेतलं, नाहीतर टाकीच बदलली, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडून त्यांना ते लेखी हवं होतं.

मी म्हटलं, मोजल्याशिवाय मी काही लिहून देत नाही. तुम्ही थांबणार असाल तर तुमच्यासमोर मोजू.

आधी नेहमीच्या गोष्टी पाहिल्या. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्बोरेटरखाली ओल नव्हती, ओव्हरफ्लोची नळी कोरडी, टाकीच्या कडेला कुठे पेट्रोल पाझरल्याचा डाग नाही. टाकीचं झाकण उघडताना कान देऊन ऐकलं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल खाली जाताना आत पोकळी होते, पुरवठा अडतो आणि गाडी अगदी पेट्रोल संपल्यासारखीच गचके देत बंद पडते. अशा वेळी झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. इथे आवाज आला नाही, छिद्र मोकळं होतं.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. फुल टाकी केल्यापासून रिझर्व्हला लागेपर्यंत गाडी किती चालली?

माणूस हिशेबी निघाला. मोबाइलमध्ये सगळ्या नोंदी होत्या. पूर्वी दर वेळी ४०० ते ४०५ किलोमीटर. सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या फुल टाकीला मात्र जवळजवळ ४५०. "सर्व्हिसिंग झाल्यावर अ‍ॅव्हरेज वाढलं होतं," ते म्हणाले. "४५ वरून ५० वर गेलं. मी त्यांना फोन करून सांगितलंही होतं, काम छान झालं म्हणून."

मला तिथेच अंदाज आला. पण समोरचा माणूस चोरी झाली असं मानून बसलेला असताना अंदाज सांगून उपयोग नसतो, म्हणून गप्प राहिलो.

आता थोडं टाकीबद्दल, कारण बरीच वर्षं गाडी चालवणारेही रिझर्व्ह म्हणजे वेगळी छोटी टाकी समजतात. तशी टाकी नसते. टाकी एकच, पेट्रोल एकच. टाकीच्या तळाला जो कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची-बंद करायची तोटी असते, तिला आतून दोन तोंडं असतात. एक तोंड म्हणजे टाकीत उभी राहिलेली बारीक नळी. कॉक 'ऑन'वर असला की पेट्रोल या नळीच्या वरच्या टोकातून येतं. पातळी त्या टोकाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो आणि गाडी गचके देते. 'रिझर्व्ह'वर फिरवलं की नळीच्या बुडाशी, तळालगत असलेलं दुसरं तोंड उघडतं. म्हणजे रिझर्व्ह किती, हे ठरतं नळीच्या उंचीवर. पुस्तकात लिटर छापलेले असले तरी गाडीत बसवलेले असतात ते मिलिमीटर.

दुसरी गोष्ट टाकीच्या आकाराची. फ्रेमचा मधला पाइप जावा म्हणून टाकीला खालून खाच असते, त्यामुळे टाकी त्या पाइपवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली असते. वरच्या भागात पेट्रोल एकत्र असतं, खालच्या भागात डावीकडचं वेगळं आणि उजवीकडचं वेगळं. काही गाड्यांना दोन्ही बाजू जोडणारी नळी खालून दिलेली असते. पुष्कळ साध्या गाड्यांना नसते, आणि कॉक एकाच बाजूला असतो. या गाडीत तो डावीकडे होता.

गाडी उघड्यावर घेतली, बॅटरीची तार काढली, आसपास कोणी काडी ओढणार नाही हे पाहिलं. रात्री पंपावर त्यांनी ५ लिटर भरलं होतं, ते कामाला आलं. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, कार्बोरेटरची नळी काढून कॅनमध्ये सोडली आणि कॉक ऑन केला. धार लागली. हाताखालच्या मुलाला धार तुटेपर्यंत जागचं हलू नको म्हणून बसवलं. असल्या कामात घाई केली की आकडे खोटे येतात. शेवटी थेंब थेंब होऊन धार बंद पडली. आता गाडी रिझर्व्हला आली होती.

कॅन बाजूला करून मापाचं भांडं लावलं आणि कॉक रिझर्व्हवर फिरवला. गृहस्थ वाकून पाहत होते. धार थांबली तेव्हा भांड्यात ६०० मिली होतं.

"बघा," ते म्हणाले. "दोन लिटरमधलं एवढंच उरलं."

मी भांडं रिकामं करून पुन्हा लावलं आणि मुलाला गाडी डावीकडे चांगली आडवी करायला सांगितलं, हँडल आमच्या दोघांच्या हातात. टाकीत खळखळ झाली. सरळ करून पाहिलं तर कॉकमधून पुन्हा धार. असं दोनदा केल्यावर भांड्यात ३५० मिली जमा झालं.

ते काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांच्या लक्षात आलं होतं. तरी मी बोललो, कारण पुढच्या वेळी ते उपयोगी पडणार होतं. हे ३५० मिली काल रात्रीही उजव्या बाजूला होतं. कॉक डावीकडे, त्यामुळे तिथपर्यंत ते पोचत नव्हतं. गाडी एकदा डावीकडे आडवी करून सरळ केली असती, तर सावकाश चालवत १५ किलोमीटर तरी गेली असती. पंप ७ वर होता.

"म्हणजे मी पेट्रोल असलेली गाडी ढकलत नेली?"

हो म्हणायला जड गेलं, पण तसंच होतं.

टाकी उतरवून उलटी केली, तेव्हा तळाचं आणखी साधारण १०० मिली निघालं. काचेच्या बाटलीत ठेवल्यावर खाली पाण्याचे मणी आणि तांबूस गाळ दिसला. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशीच बसतं. रिझर्व्हचं तोंडही तळालगत असतं, म्हणून कधीच रिझर्व्हला न लावलेली गाडी अचानक रिझर्व्हवर घेतली की पहिल्यांदा हा कचरा जाळीपर्यंत येतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून निघून जातं. पण प्रमाण वाढलं की पाणी इथेनॉलला घेऊन खाली वेगळं बसतं, आणि त्या थरावर इंजिन धड चालत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे मी पुष्कळदा पाहतो.

आता बेरीज. ६००, ३५० आणि १०० मिळून १०५० मिली. पुस्तकातल्या दोन लिटरला साधारण एक लिटर कमी. ते कुठे गेलं, हे कॉक खोलल्यावर दिसलं. आतली नळी २२ मिलिमीटरची. या मॉडेलची माझ्याकडे एक जुनी टाकी पडलेली होती, तिच्या कॉकची नळी मोजली तर ५५. सर्व्हिसिंगच्या वेळी जुना कॉक गळत होता, तो बदलला होता. बसवलेला कॉक दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा. आटे जुळतात, गळत नाही, दांडी फिरते, बाहेरून पाहिलं तर तक्रारीला जागा नाही. फक्त नळी बुटकी.

त्यामुळे जे जवळजवळ एक लिटर रिझर्व्हसाठी राहायला हवं होतं, तेही ऑनवरच जळत होतं. एक लिटर म्हणजे ४५ किलोमीटर. ते अगदी त्यांच्या नोंदीत होते, ४०५ आणि ४५० मधला फरक. अ‍ॅव्हरेज वाढलंच नव्हतं. ते किलोमीटरना ९ लिटरने भागत होते, गाडी जवळजवळ १० लिटर जाळत होती. ज्या मिस्त्रीला त्यांनी शाबासकी दिली आणि ज्याला चोर ठरवलं, ते दोन्ही त्याच एका नळीपायी. चोरीला गेलं असेल तर पेट्रोल नाही, इशारा गेला होता.

योग्य कॉक बसवला आणि हट्टाने सगळं पुन्हा मोजलं. या खेपेला रिझर्व्हवर १५०० मिली आलं, आडवी केल्यावर ३५०, उरलं ते तळाशी. म्हणजे पुस्तक खोटं नाही, दोन लिटर असतात. पण सरळ उभ्या गाडीत हाताला लागतात दीडच. पुस्तक टाकीत काय आहे ते सांगतं, इंजिनपर्यंत काय येईल ते नाही. वळणांवर आणि ब्रेक मारताना थोडं इकडचं तिकडे होतं, पण सरळसोट रस्त्यावर त्याचा भरवसा धरू नये.

त्यांनी दीडला ४५ ने गुणलं आणि ६७ म्हणाले. मी म्हटलं, तेही नका धरू. त्यांना पटेना, म्हणून हँडलला मापाची बाटली टांगली, नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि २५० मिली घालून त्यांनाच गाडी दिली. एकदा टॉप गिअरमध्ये ५० च्या स्थिर वेगाने, एकदा त्यांच्या नेहमीच्या ८० ने. पहिल्यांदा १३ किलोमीटर झाले, दुसऱ्यांदा ९ सुद्धा नीट झाले नाहीत. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि मोटारसायकलवर बसलेला माणूस हवेला छाती लावूनच बसलेला असतो. रात्रीच्या घाईत, पंप गाठायचा म्हणून त्यांनी गाडी पळवली होती. पेट्रोल संपत आल्यावर लोक पळवतात, लवकर पोचू म्हणून. त्याने नेमकं अंतर घटतं. म्हणजे एकाच दीड लिटरमध्ये ती गाडी ५० ने ७५ च्या पुढे जाईल आणि ८० ने ५० च्या आसपास थांबेल. मला कोणी एकच आकडा मागितला तर मी कमी असलेला सांगतो.

उतारावर इंजिन बंद करून घरंगळत जाण्याचा सल्ला सगळेच देतात. मी देत नाही. अंधारात इंजिन बंद गाडी उतारावर सोडून वाचवायचं किती, तर चमचाभर.

त्यांच्या धाकट्या भावाची नवी गाडी इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटर नसलेली आहे. तिला कॉकच नाही, तिचं रिझर्व्ह कसं ओळखायचं, असं त्यांनी जाता जाता विचारलं. तिथे दिवा लागतो, तेवढंच. काही गाड्यांत मीटरवर किती किलोमीटर जाईल ते दिसतं, पण तो आकडा आतापर्यंतच्या चालवण्यावरून काढलेला असतो. पुढे चढ लागला की तो भराभर उतरतो. शिवाय इंजिनला पेट्रोल पुरवणारा छोटा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. कार्बोरेटरची गाडी कोरडी पडली तर फार तर ढकलावी लागते. तिथे पंपाला मार बसतो. म्हणून दिवा लागला की भरावं, तिथे आडवी करण्याचे प्रयोग करत बसू नये.

शेवटी पुन्हा कागदाचा विषय निघाला. मी लिहून दिलं. आधीच्या कॉकची नळी २२ मिमी, योग्य नळी ५५ मिमी, दोन्ही वेळची मापं, तारीख, सही. चोरीचा शब्द त्यात नव्हता आणि त्यांनीही मागितला नाही. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ऑनवर करायचा, हे मात्र मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. रिझर्व्हवरच ठेवून फिरणाऱ्याला नळी कितीही उंच असली तरी काय उपयोग?

काही दिवसांनी त्या आधीच्या गॅरेजमधून फोन आला. मी भांडणाच्या तयारीनेच उचलला. पलीकडच्या मिस्त्रीने विचारलं, "त्या कागदावर पंचावन्न लिहिलंय, ते वायसर धरून की नुसती नळी?"

नुसती नळी, मी सांगितलं. त्याच्याकडे त्याच खोक्यातले आणखी तीन कॉक होते, आणि त्यातला एक आदल्याच आठवड्यात कोणाला तरी बसवून दिला होता. त्या माणसाचा नंबर तो शोधत होता.