मार्गशीर्षातली सुकती

मार्गशीर्ष वद्य अष्टमी

आज भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास खाडी भरलेली आणि सव्वाबाराच्या आसपास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. उद्या हेच सगळं पाऊण तासाने पुढे सरकणार. हा हिशोब बंदराच्या तोंडाचा. कर्लीसारख्या खाडीत आत जावं तसं पाणी मागे पडत जातं, किती ते प्रत्येकाने आपल्या धक्क्याच्या पायरीवर बघून ठेवावं. कालनिर्णयवर भरतीची वेळ पेन्सिलीने लिहिलेली असली की महिनाभराचं गरवणं, मुळात घरातला अर्धा बेत, ठरून जातो.

भांगाला पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. धक्क्यावरून गरवायला शिकायचं तर हाच दिवस. 0.35 मिलिमीटरचा तंगूस (गरीचा नायलॉन दोरा) आणि 20 ग्रॅमचं शिसं पुरतं. उधाणाला तेच शिसं तिप्पट लागतं, नाहीतर गरी वाहत जाऊन कांदळाच्या मुळांत अडकते. गरीची गाठ मारताना तंगूस डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेळा पिळायचा, टोक डोळ्याजवळच्या फासातून काढायचं आणि ओढण्याआधी थुंकीने भिजवायचं. कोरडी गाठ ओढली की घासून तापते, नायलॉन तिथेच कमजोर होतो आणि मोठी तांबोशी लागली की नेमका तिथेच तुटतो. लोक दोष तंगुसाला देतात.

आमिषाला ताजं सुंगट, म्हणजे कोळंबी. शेपटीकडून ओवायचं आणि गरीचं टोक जेमतेम बाहेर ठेवायचं. बर्फात राहून मऊ पडलेलं सुंगट पहिल्याच टोचणीला गळून पडतं. पाणी चढतानाचे शेवटचे दोन तास आणि उतरायला लागल्यावरचा पहिला तास सगळ्यात चांगला. मध्ये पाणी थबकतं तेव्हा मासाही थबकतो, तेवढ्यात चहा घ्यावा. बोय मात्र सुंगटाकडे सहसा ढुंकून बघत नाही. ती शेवाळ आणि गाळ खाणारी, तिच्यासाठी अगदी बारीक गरी आणि हरभऱ्याएवढा कणकेचा गोळा.

शेंगटी लागली तर घाई करू नये. पाठीवर एक आणि बाजूच्या परांना एकेक असे तिचे तीन करवती काटे असतात. ओल्या फडक्याने डोकं दाबून धरावं, काटे पक्कडीने मोडावेत, मगच गरी काढावी. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने मोडतं. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्यावा, कारण दुखऱ्या बोटाला चटका कळत नाही. काटा आत तुटून राहिला असेल तर मात्र घरगुती उपायाने भागत नाही, डॉक्टरकडेच जावं.

वद्य एकादशी

उपास, त्यामुळे सगळा वेळ मागीलदारी. न्हाणीचं पाणी अळवात सोडलेलं आहे तिथे पाणकोंबडी सकाळी लवकर येते, आखूड शेपटी सारखी वर झटकत, तांबूस बूड दाखवत. अळू सगळं एकदम कापू नये. मागची एक रांग उभी ठेवली तर तिला आडोसा राहतो आणि ती येत राहते. पाणी ओतताना कुठे साचून राहत नाही एवढं बघावं, नाहीतर पाणकोंबडीऐवजी डास येतात.

केळफुलावर शिंजीर. फुलाचं एक पान वर वळलं की आतल्या पिवळट फुलांच्या ओळीवर हा उलटा लटकतो, वाकडी चोच आत घालतो, बाहेर येतो तेव्हा कपाळावर पराग चिकटलेला. त्यासाठी केळफूल भाजीला लगेच तोडू नये. सगळ्या फण्या धरून झाल्या की मग तोडावं, घडाचं काही बिघडत नाही. कपडे वाळवायच्या दोरीवर कोळिष्टकाने बांधलेला, सालींचे तुकडे चिकटवलेला लांबट लोंबता गोळा दिसला तर ते याच्या मादीचं घरटं. ते हलवायचं नाही, दोरीच दुसरी बांधायची. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे आणि पिलं उडायला जवळजवळ तितकेच. एवढ्यासाठी दोरी सोडून देणं काही कठीण नाही.

सुकतीला कुंपणापलीकडे चिखल उघडा पडतो. ढोकरी बगळा तिथे हलत नाही, तुतारी पक्षी थांबत नाही, सतत शेपूट वरखाली करत धावत असते. ती थंडीपुरती पाहुणी. दगडांवर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर पाणमांजर येऊन गेलं समजावं. ज्या खाडीत ते टिकून आहे तिथे मासाही आहे, म्हणून ती खूण दिसली की फार बरं वाटतं.

माशांची आतडी-खवले मात्र उघड्यावर टाकू नयेत. मुंगूस, उंदीर आणि उंदरांमागून धामण कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येते. माडापासून चारेक फुटांवर फूटभर खोल खड्डा, त्यात हे आणि वर राख नि माती. मासे धुतलेलं पाणी कढीलिंबाला. मीठ लावलेल्या माशांचं पाणी कुठल्याच झाडाला घालू नये.

अमावास्या

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला उधाणाची सुकती, पाणी एरवीपेक्षा खूप आत गेलेलं. तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, दिवस. वाळूमिश्रित चिखलात जवळजवळ दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी आहे. जवळ पाय टाकला तर पिचकारी उडते. चार बोटं खोल हात घालायचा. अगदी लहान निघाली तर तिथेच पुन्हा पुरायची.

घरी आणून गोड्या पाण्यात टाकल्या तर त्या तोंड मिटतात आणि वाळू आतच राहते. खाडीचंच पाणी आणावं, नसेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ. भांड्यात चाळण उपडी ठेवून तिच्यावर तिसऱ्या पसराव्यात, वर झाकण, दोन-तीन तास. अंधारात त्या नळ्या बाहेर काढतात, श्वासाबरोबर वाळू टाकतात आणि ती चाळणीखाली जाते. चाळण नसेल तर तीच वाळू परत ओढतात.

मग एकेक तपासायची. उघडी असून टिचकीने मिटत नसेल तर मेलेली. मिटलेली पण जड वाटते, तिच्या दोन्ही शिंप्या अंगठ्याने विरुद्ध दिशांना ढकलून बघाव्यात. सरकल्या तर आत निव्वळ चिखल. अशी एक जरी टोपात गेली तर सगळं कालवण ओतून द्यावं लागतं, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवू नये. विळीवर उघडायला कठीण जात असेल तर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, सैल पडतात. मांस एका शिंपीला ठेवायचं, निघालेलं पाणी फडक्याने गाळून राखायचं. खरी चव त्यातच.

साठेक तिसऱ्यांना अर्धा नारळ, दोन कांदे, सात-आठ पाकळ्या लसूण, दोन चमचे मालवणी मसाला, चार सोलं (कोकमं). कांदा परतून तिसऱ्या आणि राखलेलं पाणी घालावं, झाकणावर पाणी ठेवून सहा-सात मिनिटं. मग नारळाचं वाटप आणि सोलं, एकच उकळी. जास्त शिजल्या तर रबरासारख्या होतात आणि मग कितीही शिजवल्या तरी मऊ होत नाहीत. मीठ अगदी शेवटी, चाखून. बरेचदा लागतच नाही.

रात्री उरलं तर तिसऱ्या आधी बाजूला काढून ठेवाव्यात. सकाळी नुसता रस उकळून घ्यावा, गॅस बंद केल्यावर त्या परत आत सोडाव्यात आणि घावणे तव्यावरून थेट ताटात.