घरी आई असताना मी नकाशा घेऊन का पळते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे इथल्या, सोलापुरातल्या आमच्या सोसायटीतल्या काकू, बँकेतले सहकारी, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली चुलत जाऊ आणि आठवड्यातून एकदा फोनवर माझी नणंद. बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं. टाच दुखते, पन्नाशी उलटली, घरात कंपवाताची आई आणि पंच्याऐंशीचे सासरे, मग पळायला कशाला जाता? आणि जायचंच तर सरळ कंबर तलावाला चार फेऱ्या मारा की, बाभळीत नकाशा घेऊन काय शोधत फिरता? (भाऊ पुण्याला असताना आई तुमच्याकडे कशी, हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर मी देणार नाही.)

नकाशाचं आधी सांगते, ते सोपं आहे. ओरिएंटिअरिंग हा नकाशा आणि कंपास घेऊन रानात लावलेले झेंडे गाठत पळायचा खेळ, पण तो खजिना शोधणं नव्हे. खजिन्याच्या खेळात चिठ्ठी लपवलेली असते. इथं झेंडा कुठं आहे ते नकाशावर जांभळ्या वर्तुळात छापूनच देतात. दिलेली नसते ती वाट. एका वर्तुळातून पुढच्या वर्तुळात चराच्या कडेनं जायचं की सरळ काट्यातून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि झेंडे मात्र क्रमानंच घ्यायचे. सासऱ्यांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे अडुसष्ट लिंगाची फेरी की." गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत नंदीध्वज तैलाभिषेकासाठी अडुसष्ट लिंगांना जातात, ते त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. नंदीध्वजांची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे, एवढा फरक सोडला तर त्यांना खेळ कळला होता. तुमच्यापैकी पुष्कळांना अजून कळलेला नाही.

नकाशा वाचायला मी कॉलेजात एनसीसीत शिकले. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा, प्रिझमॅटिक कंपास, बॅक बेअरिंग. त्या नकाशावर एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर मावतो, म्हणजे विजापूर रस्त्याकडचं आमचं वनविहार अंगठ्याखाली झाकलं जातं. या खेळाचा नकाशा 1:10,000 चा, छोट्या शर्यतीसाठी 1:4,000 चा. त्यात मुरमाचा खड्डा येतो, एकटं झाड येतं, बांधाचं टोक येतं. पळता येईल असं जंगल पांढरं, मोकळं रान पिवळं, आणि हिरवा जितका गडद तितकं आत शिरणं अवघड. वनविहाराचा नकाशा मी आणि एनसीसीच्या काही पोरांनी ओपन ओरिएंटिअरिंग मॅपर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला, आणि वेड्या बाभळीनं त्यातला बराच भाग हिरवा करून टाकला. झेंडे मी घरी शिवते. तीस सेंटिमीटरचे तीन चौकोन एकमेकांना जोडायचे, प्रत्येक अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. एकदा एका झेंड्याला कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलं होतं.

आता तलावाच्या फेऱ्या. रस्त्यावर पळताना पाय पळतात आणि डोकं घरी असतं. आईची गोळी जेवणाआधी गेली का, मावशी आज येणार की पुन्हा भाचीचं लग्न निघणार, सासऱ्यांच्या श्रवणयंत्राची बॅटरी आणायची राहिली. तलावाला चार फेऱ्या मारल्या तर चारही फेऱ्या मी स्वयंपाकघरात असते. नकाशा हातात असला की हे जमतच नाही. अंगठा नकाशावर सरकवत राहायचं, जोडपावलं मोजून शंभर मीटर झाले का बघायचं, चर डावीकडं लागणार की उजवीकडं हे आधीच मनात धरून चालायचं. यात घर आलं की मी चुकते, आणि चुकले की बाभळीत ओरबाडून घेत बसते. शिवाय इथं नुसत्या वेगाला किंमत नाही. टाच धरलेली बाई वाट नीट निवडली तर विशीतल्या पोराच्या आधी पोचू शकते.

तेव्हा सरळच सांगते. तो तासभर मी आईला विसरते. त्यासाठीच जाते. तब्येत, स्टॅमिना, हाडं बळकट राहणं ही कारणं मी तुम्हाला आजवर दिली ती खोटी नाहीत, पण ती तुम्हाला पटतील अशी निवडून दिलेली होती.

यावर तुमच्या तोंडावर काय येईल ते मला ठाऊक आहे, कारण वनविहारातला तो दिवस नणंदेकडून तुमच्यातल्या निम्म्यांना कळला आहे. आता माझ्याकडूनही ऐका.

डिसेंबरातला रविवार. आईला सहाची गोळी दिली, चहा दिला, उशी लावून टेकवलं. रविवारी मावशी नसते म्हणून हे घरी थांबणार, हे आदल्या रात्री बोलून ठरलेलं. मी निघाले आणि मागं पाणी आलं. त्या दिवशी यायचं नव्हतं, आलं. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पाणी आलं की घरातला धडधाकट माणूस पाण्याचा होतो. खालची टाकी, मोटर, वरची टाकी, पिंपं, मग उरलंच तर गाडी. हे मोटरपाशी. सासरे हॉलमध्ये, श्रवणयंत्र टेबलावर. आई उठली, भिंतीला धरून बाथरूमकडं निघाली आणि बाथरूमच्या दारात तिचे पाय थिजले.

कंपवातात हे होतं. माणूस चालता चालता थांबतो आणि पाऊल जमिनीवरून सुटत नाही, तेही नेमकं दारात, वळणावर, अरुंद जागेत. चक्कर नाही, शुद्ध पूर्ण, पुढं जायचं आहे हेही कळतंय, पण पाय ऐकत नाहीत. या आजारात आवाजही बारीक होत जातो. ती हाका मारत होती. मोटर चालू होती.

मी आले ती खुशीत. पोरं जोरात पळून पुढं गेली आणि एका खड्ड्याच्या झेंड्याला चुकून पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचली होती, मी लंगडत बांधाच्या टोकावरून गेले आणि आधी पोचले. हे सांगायचं म्हणून दारातूनच बोलत आत शिरले. आई चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. गाऊन ओला, खालची फरशी ओली. किती वेळ झाला होता हे कुणालाच सांगता आलं नाही, तिलाही नाही. बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवावी लागली.

"पाय उठंना गं," ती म्हणाली. "हाका मारल्या की."

"कुणाला?" मी विचारलं.

"तुलाच की. आणि कुणाला?"

फिजिओथेरपिस्टनं शिकवलं होतं तसं मी माझा पाय तिच्या पावलापुढं आडवा घातला आणि म्हटलं, हा ओलांड. थिजलेल्या पायाला आपणहून चालता येत नाही, पण समोरचं काहीतरी ओलांडता येतं, हे या आजाराचं विचित्र आहे. तिनं ओलांडला. मग एनसीसीतल्या कवायतीच्या सुरात डावा, उजवा, डावा करत मी तिला आत नेलं, धुतलं, कपडे बदलले. वरून हे भिजलेल्या पँटनं खाली आले आणि जिन्यातच थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते त्या दारापासून वीस पावलांवर होते.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोन येऊन गेले. सगळ्यांनी मला विचारलं, "तू कुठं होतीस?" ह्यांनी फोन हातात घेऊन दोनदा सांगितलं, अहो, घरी मी होतो. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही पाणी भरत होतात हो." पाणी भरणं हे काम, पळणं हा शौक. काम करताना न ऐकू आलेली हाक आणि शौक करताना न ऐकू आलेली हाक यांना आपल्याकडं वेगळी कलमं लागतात. हे बॅडमिंटनला जातात त्या दिवशी काही झालं असतं तर त्यांना कुणी काय विचारलं असतं, याचा मी बराच विचार केला आहे. पण "तुलाच की" हे माझ्या आईनं मला म्हटलं होतं, ह्यांना नाही. तिथं कुठलंच कलम कामाला येत नाही.

पुढच्या आठवड्यात तिला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि मला लंगडताना बघून विचारलं, पळता का? हो म्हटलं. "आता बस करा. तुम्ही पडलात तर आईंना कोण उचलणार?" नणंद शेजारीच बसली होती. मी चिडायला वाक्यात जागा शोधली, सापडली नाही.

मी पळणं सोडलं. पावसाळा लागेपर्यंत बूट कपाटावर होते. टाचेला आराम मिळाला, दुखणं कमी झालं, आणि एकदा बस पकडायला चार ढांगा टाकल्या तर पुन्हा होतं तिथंच. मधल्या काळात आईला उठवता-बसवता कंबर धरली ती वेगळीच. मग त्याच फिजिओथेरपिस्टनं मला समोर बसवून सांगितलं की टाचेमागची अकिलिसची दोरी नुसत्या आरामानं सुधारत नाही, तिला हळूहळू वजन पेलायला शिकवावं लागतं. 1998 साली होकान आल्फ्रेडसन या स्वीडिश ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी त्यासाठीचा व्यायाम मांडला. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन, वाकवून पंधराचे तीन, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला 180, बारा आठवडे, थोडं दुखलं तरी. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर केलं. आई दारात खुर्ची टाकून मोजायची आणि तिचे आकडे माझ्याशी कधीच जुळायचे नाहीत. ती माझ्यापेक्षा लवकर पंधरा करायची, कंटाळून.

तर तुम्हाला मी उत्तर देऊ शकते की आईला उचलायला लागतात ते पाय खुर्चीत बसून होत नाहीत. नणंदेला मी हेच सांगते. ते खरंही आहे, पण पुरतं नाही. उठाबशा घरात काढता येतात. टाच जिन्यावर सुधारली. पाय मजबूत करायला पहाटे वनविहारात जावं लागत नाही, आणि तिथल्या खड्ड्यात पाय मुरगळला तर डॉक्टरांचा प्रश्न जशाच्या तसा समोर उभा.

चाळिशीत मी पार्क मैदानावर एका गटाबरोबर पळायचे. त्यातल्या एकीनं सासू अंथरुणाला खिळल्यावर येणं बंद केलं. मी तिला म्हटलं होतं, वेळ मिळत नसतो, काढायचा असतो. ती चाळिशीतली मी आता भेटले तर तिच्या हातात आईचं औषधांचं वेळापत्रक देईन आणि म्हणेन, काढ वेळ. पण ती तरी गप्प बसणारी कुठं? ती विचारेल, बाई, ते सगळे महिने तू पळाली नाहीस, तो वेळ आईला दिलास का? दिला नाही. तो डब्यात गेला, भांड्यांत गेला, फोनवर नणंदेला आईची खुशाली सांगण्यात गेला. सकाळी आईजवळ नुसती बसलेय असं त्या महिन्यांत जास्त घडलं, असं मला म्हणता येणार नाही. चिडचिड मात्र वाढली, आणि तिची पहिली गिऱ्हाईक आईच असायची. म्हणून त्या चाळिशीतल्या शहाणीला मी पूर्ण खोटं ठरवू शकत नाही, आणि तिचं ते वाक्यही पुन्हा कुणाला ऐकवणार नाही.

बाहेरच्या देशांत या खेळाच्या ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत पस्तिशीपासून पुढं दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, आणि ऐंशीच्या पुढची माणसंही कंपास घेऊन रानात शिरतात. तिकडं माझ्या वयाच्या बायकांना आया नसतील असं नाही. त्या काय करतात हे मला एकदा विचारायचं आहे, पण मला भेटतात ते सगळे मलाच विचारणारे.

सध्या असं चाललंय. खोलीपासून बाथरूमपर्यंत फरशीवर पावलाएवढ्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात, आई त्या ओलांडत जाते. बहुतेक दिवशी जमतं, काही दिवशी दारातली शेवटची पट्टीही तिला हलवत नाही. उशाशी घंटा ठेवली आहे, ती तिला आवडत नाही, "देवळातली पुजारीण केलीस मला" म्हणते. पाण्याच्या दिवशी मी जात नाही. हे मला पटलेलं आहे असं समजू नका. पाणी भरणाऱ्यानं मोटर बंद करून दर दहा मिनिटांनी खाली यायचं, हाही एक उपाय होता, आणि तो मी मांडला तेव्हा घरात सगळे माझ्याकडे बघत राहिले.

या आठवड्यात पाणी शनिवारी आलं तर रविवारी पोरं नवीन झेंडे लावणार आहेत तिथं मी जाईन. रविवारी आलं तर तो मोटरचा मुद्दा मी पुन्हा काढणार आहे. त्यात काय ठरेल ते माहीत नाही, पण त्यावर नणंदेचा फोन येईल हे नक्की.