चिंगीला दिवस गेलेत का?

रविवारी दुपारी रस्सा उकळत होता तेव्हा लेक बाल्कनीतून ओरडत आली, ‘‘आई, मंगी चिंगीच्या पाठीवर चढलीय!’’ सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, ‘‘मंगी की मंग्या?’’

झालं. तेवढ्या एका प्रश्नाने घरातली शांतता गेली. ससे आणले तेव्हा दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘‘दोन्ही माद्या. काही टेन्शन नाही.’’ पण पिल्लं लहान असताना ससा की सशीण हे ओळखताना भलेभले चकतात, हे नंतर कळलं. स्वतः बघावं म्हटलं तर मंगी उताणी होऊ देईल तर शपथ! सशाला नीट आधार न देता धरलं आणि त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला, तर त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो, असं कुठेतरी वाचल्यापासून आम्ही तो नाद सोडला होता. त्या दुकानदाराला मी पुढचे अडीच आठवडे मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर चिंगी ‘राहिली’ का? हा शब्द मी तडजोड म्हणून वापरायचे. लेक ‘प्रेग्नंट’ म्हणायची, सासूबाई ‘गाभण’. गाभण म्हटलं की लेकीला राग यायचा, कारण तो शब्द म्हशीचा. ‘‘मग काय पोटुशी म्हणू? डोहाळजेवण करू तिचं?’’ सासूबाई म्हणायच्या. मराठीत जनावरांसाठी एक शब्द, माणसांसाठी चार, आणि पलंगाखाली झोपणाऱ्या, हाक मारली की येणाऱ्या, मेथीची जुडी उघडल्याचा आवाज तिसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या प्राण्यासाठी एकही नाही.

सासूबाईंचा या बाबतीत दबदबा आहे. त्यांचं अर्धं आयुष्य साताऱ्याकडच्या गोठ्यात गेलं. म्हैस गाभण आहे का, हे त्या तिच्या चालण्यावरून सांगायच्या. माझ्या वेळी तर पट्टीवर दोन रेघा उमटण्याआधीच त्यांनी ओळखलं होतं. मी हिंगाच्या फोडणीच्या वासाने ओट्यापासून दोन पावलं मागे सरले, एवढंच झालं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त गॅस बारीक केला आणि खिडकी उघडली. अशा बाईने चिंगीसमोर पाट घेऊन बसावं, चष्मा पुसून पुसून बघावं आणि शेवटी ‘‘हिचं काही कळत नाही बाई’’ म्हणून उठावं, हा आमच्या घरातला ऐतिहासिक क्षण होता.

कळणार तरी कसं? वाचलेलं प्रत्येक लक्षण दोन्हीकडे लागू पडत होतं. गाभण सशीण जास्त खाते. चिंगी जास्त खात होती, पण तिच्यापुढे दिवसातून चारदा कोथिंबीर कोण नाचवत होतं? गाभण सशीण चिडकी होते. चिंगी आणली तेव्हापासून चिडकी. वजन वाढतं म्हणून लेकीने तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर, परातीत बसवून, रोज तोलायला सुरुवात केली. आठवड्यात ऐंशी ग्रॅम वाढले! आनंदाने तिने तो आकडा वहीत लिहिला. तेवढ्यात मंगीलाही परातीत बसवलं, तर तिचे शंभर वाढले होते. सासूबाईंनी खास चिंगीसाठी म्हणून मागवलेली लसूणघास दोघी मिळून फस्त करत होत्या.

पोट चाचपून कळतं म्हणतात. दहा-बारा दिवस झाले की जाणकाराच्या बोटांना आत द्राक्षाएवढ्या गाठी लागतात, ओळीने. पण सशाच्या लेंड्याही आत ओळीनेच असतात आणि नवख्याला त्याच पिल्लं वाटतात. चाचपताना बोट जोरात दाबलं तर असलेली पिल्लंही जायची. नवऱ्याने बाह्या सरसावल्या होत्या, त्या मी पुन्हा खाली करायला लावल्या.

मग उरलं दिवस मोजणं. सशिणीचे दिवस साधारण एकतीस. सासूबाईंनी ‘कालनिर्णय’चं पान उलटून पुढच्या महिन्यातल्या बुधवारी गोल केला. त्याच पानावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्यांचा उपास. गोलात नुसतं ‘चिं’ लिहिलं.

या वाट बघण्याच्या दिवसांत मला राहून राहून गंमत वाटायची ती एका जुन्या गोष्टीची. एकेकाळी बाईला दिवस गेलेत का, हे सांगायला सशीणच लागायची. 1931 मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅफम या दोघांनी ती तपासणी काढली. बाईची लघवी सशिणीच्या कानाच्या शिरेत टोचायची आणि एक-दोन दिवसांनी तिचं पोट उघडून अंडाशय बघायचे. बाई गरोदर असेल तर तिच्या लघवीतल्या संप्रेरकाने सशिणीच्या अंडाशयावर फुगीर, रक्ताळलेले ठिपके उठलेले दिसायचे. सशीणच का? कारण तिचं बीज आपल्यासारखं महिन्याच्या महिन्याला आपोआप सुटत नाही. सहसा नराशी संग झाला तरच, त्यानंतर साधारण दहा तासांनी सुटतं. वेगळ्या ठेवलेल्या सशिणीच्या अंडाशयावर ठिपके दिसले, तर ते तिच्या मनाने आलेले नाहीत, याची खात्री. तिकडच्या बोलण्यात ‘ससा मेला’ म्हणजे गोड बातमी असा अर्थच रूढ झाला. खरं तर ससा दोन्ही उत्तरांत मरायचा. उत्तर बघायचं म्हणजे पोट फाडणं आलंच.

बाईला ज्या पट्टीवर पाच मिनिटांत उत्तर मिळतं, त्या पट्टीची ही खापरपणजी. आणि चिंगीच्या बाबतीत ती पट्टी बिनकामाची. इतक्या बायकांची बातमी फोडणारी ही जात स्वतःचं पोटातलं काही ओठांवर येऊ देत नाही. बरोबरच आहे म्हणा. ज्याला कोल्हा, घार, मांजर, कुत्रं सगळेच खातात, त्याने आपलं जडावलेलं अंग कोणाला दिसू द्यावं कशाला? लेकीने वाचून दाखवलं की पिल्लं झाल्यावरही आई त्यांच्याजवळ बसून राहत नाही. दिवसातून एकदा-दोनदा, बहुतेक पहाटे, पाचेक मिनिटं दूध पाजते आणि लांब जाऊन बसते, म्हणजे तिच्या ये-जा करण्याने बिळाचा माग कोणाला लागू नये. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाच मिनिटं? आणि मी तुझ्या बापाला दोन वर्षं खाली ठेवलं नव्हतं!’’ मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, ‘‘हुशार आहे पण.’’

सतराव्या दिवशी, तोही बुधवारच, सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर चिंगीला मिशा फुटलेल्या. सुक्या गवताच्या काड्यांचा आडवा झुपका तोंडात धरून ती मिक्सरच्या जुन्या खोक्यात शिरत होती, तो तिथे ठेवून पुन्हा बाहेर, पुन्हा नवा झुपका. खाताना काडी एकेका टोकाने आत जाते. ही खात नव्हती, वाहत होती. मग थांबली, हनुवटी छातीत घातली आणि गळ्याखालच्या वळकटीतले केस दातांनी उपसायला लागली. ओरबाडल्यासारखं नाही, कापूस पिंजावा तसं. पांढरे पुंजके निघत होते, ते ती गवतावर अंथरत होती. छातीवरची गुलाबी कातडी उघडी पडली, त्यात स्तनांची बारीक टोकं दिसायला लागली. मी हात पुढे केला तर गुरगुरून अंगावर आली.

लेक नाचायला लागली. नवरा फोनवर कोणाला तरी ‘‘आमच्याकडे पाच-सहा येतायत, तुम्हाला एखादं?’’ विचारत होता. सासूबाई मात्र कॅलेंडरसमोर उभ्या होत्या. बोटं पेरावर ठेवून त्यांनी दोनदा मोजलं. ‘‘एवढ्यात कसं? अजून चौदा दिवस आहेत,’’ म्हणाल्या. ‘‘लवकर विणारी वाचत नाही आणि पिल्लंही वाचत नाहीत. डॉक्टरला दाखवा.’’

डॉक्टरांनी आधी चिंगीला नाही, मंगीला घेतलं. टॉवेलमध्ये गुंडाळलं, सराईत हाताने कलतं केलं, दोन बोटांनी जरासं दाबून पाहिलं. अर्धं मिनिट. ‘‘मादी आहे.’’

म्हणजे दुकानदार खरं बोलला होता. मंग्याची पुन्हा मंगी झाली.

माद्याही एकमेकींवर चढतात, डॉक्टर सांगू लागले, कधी माजावर असताना, कधी घरात कोण मोठी हे ठरवायला. आणि सशिणीच्या शरीराला तेवढं निमित्त पुरतं. बीज सुटतं, पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे सुरू होतं, फक्त आत कोणी नसतं. सोळा-अठरा दिवसांनी शरीराच्या ते ध्यानात येतं आणि तेव्हा ती घरटं करते. खोटा गाभ. चार-दोन दिवसांत आपोआप उतरेल, घरटं मोडू नका, असंही म्हणाले. शिवाय दोघींचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वय वाढेल तसा माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर बराच आढळतो. ते आम्ही पुढच्या महिन्यात करून घेतलं.

परतताना रिक्षात लेक गप्प होती. पिंजरा मांडीवर, त्यात चिंगी छातीवर टक्कल घेऊन बसलेली. ‘‘तिला कोणी सांगायचं?’’ लेकीने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. घरी गेल्यावर चिंगी थेट खोक्यात गेली आणि एक सुटलेला पुंजका नाकाने आत ढकलला.

तिसऱ्या दिवशी ती त्याच घरट्यातलं गवत खायला लागली. केस घरभर झाले. पंख्याच्या पात्यांवर, डाळीच्या डब्यात, नवऱ्याच्या काळ्या पँटवर. खोकं टाकून देऊ म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘राहू दे. काय खायला मागतंय?’’

पुढच्या महिन्यातल्या त्या बुधवारी पहाटे पाचला बाल्कनीचं दार करकरलं. उठून पाहिलं तर सासूबाई खोक्यावर वाकलेल्या, एका हातात मोबाइलचा उजेड.

‘‘काय झालं, आई?’’

‘‘काही नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झोप तू.’’